किती वॅटचा?

परभणीत कुणी ॲम्प्लिफायर घेतला, की ते लपत नाही. कुरिअरवाला गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून "साहेब, तुमचं ॲम्प्लिफायर आलंय, घर कोणतं?" असं फोनवर ओरडतो. फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं. संध्याकाळी हरिनाम सप्ताहाची कमिटी दारात. कमिटीतल्या वडीलधाऱ्या काकांनी चपला काढता काढताच विचारलं, "किती वॅटचा?"

"अर्ध्या."

"वॅट विचारले मी. किंमत नाही विचारली."

"अर्ध्याच वॅटचा, काका. आणि तोही पूर्ण लागत नाही."

काका खाली बसले. इकडे ॲम्प्लिफायर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो देवळातला अहुजा. अडीचशे वॅटचा, कपाळाला गंध लावलेला, दसऱ्याला झेंडूची माळ घालून घेणारा. बाहेर लिंबावर त्याचे दोन कर्णे, आणि कर्ण्यांच्या टप्प्यात अडीच गावं. वरातीतल्या डीजेचा तर हिशेबच हजारांत चालतो. त्या मापाने माझं वीतभर यंत्र म्हणजे कमिटीची थट्टाच होती. तरी काकांनी ते उचलून बघितलं. वजनाने त्यांना जरा आशा वाटली. पुढची पाव इंची खोबण दिसल्यावर तर चेहराच उजळला. "अरे, ही तर आपल्या माईकची पिन!"

मी म्हटलं, काका, पिन तीच असली तरी इथून आवाज बाहेर येतो, आत जात नाही.

"पण बसती ना? बसती म्हणल्यावर वाजलं पाहिजे."

मग मी यंत्राचे गुण सांगायला लागलो. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, ती याला लागत नाही. रात्रभर लावला तरी शेजारच्या खोलीत झोपलेल्याला पत्ता लागत नाही. अख्ख्या घरात ऐकणारा मी एकटा. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शब्द विचारला, "कामून?"

हेडफोनच्या ॲम्प्लिफायरवर जगभरच्या जाणत्यांनी पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. पण 'कामून'चं उत्तर त्यांतल्या एकानेही दिलेलं नाही.

खरं कारण जर्मन आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे वाक्य आमच्याकडे लहान मूल 'आई' म्हणायच्या बेताला शिकतं. ते कुणी काढलं आणि कशावरून, यावर पारावर आजवर एकमत झालेलं नाही, आणि झालं तर पारावर बसायला कारण उरणार नाही. माझ्यापुरता त्या वाक्याचा अर्थ पुण्याच्या एका मित्राने लावून दिला. त्याने वापरून कंटाळलेला सेनहायझरचा एचडी ६०० माझ्या गळ्यात घातला. सेनहायझर हॅनोव्हरजवळची, १९४५ सालची कंपनी. १९६८ साली त्यांनी एचडी ४१४ नावाचा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन काढला. माझा त्याच घराण्यातला, १९९७ सालात जन्मलेला. डोकं जर्मन, पण हात बराच काळ आयर्लंडचे, कारण तिथल्या कारखान्यात हे हेडफोन तयार व्हायचे. उघड्या पाठीचा म्हणजे कानावरच्या वाट्यांना मागून जाळी. त्यामुळे आतलं गाणं बाहेर जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. जर्मनीत बाहेर शांतता असते, म्हणून तिकडे ते चालतं. इथे कुकरची शिट्टी, भंगारवाला आणि समोरच्या घरातलं भांडण हे तिन्ही वादक माझ्या प्रत्येक मैफलीत साथीला असतात.

आता या हेडफोनचा रोध तीनशे ओहम. मोबाइलला लावायचे साधे इअरफोन सोळा नाहीतर बत्तीस ओहमचे असतात, त्यांना मोबाइलचा अर्धा-एक व्होल्ट पुरतो. तीनशे ओहमवाल्याला एक व्होल्ट दिला तर त्याच्या वाट्याला जेमतेम तीन-साडेतीन मिलिवॅट येतात. हल्लीची गाणी तेवढ्यावरही बऱ्यापैकी ओरडतात. पण एखाद्या जुन्या मैफलीतला विलंबित ख्याल लावला, की आवाज येतो आणि दारातच उभा राहतो. आत या म्हटलं तरी येत नाही. त्याला आत आणायला ॲम्प्लिफायर लागतो. तो मी मागवला आणि घरात किंमत सांगितली अडीच हजार. खऱ्या आकड्याची पावती चार तुकडे करून दोन वेगवेगळ्या गल्ल्यांत टाकली.

पहिल्या रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन चढवला, बटण दाबलं. आत रिले 'टक्' करून बोलला आणि गाणं लावायच्या आधीच गाणं सुरू झालं. एकच सूर, मंद्र, अखंड. गुंऽऽऽ. ॲम्प्लिफायरचं काम आवाज मोठा करणं. कुठला आवाज, हे तो विचारत बसत नाही. मी मोठं करायला दिलं होतं किशोरीताईंचं गाणं, आणि त्याने मोठी केली परभणीची वीज.

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. डीसी करताना दोन्ही अंगांचे हेलकावे एकाच बाजूला वळवले, की ते शंभर होतात. म्हणून जाणकार आधी विचारतात, गुणगुण पन्नासची की शंभरची? पन्नासची असेल तर वायरिंग किंवा अर्थिंग, शंभरची असेल तर आतल्या सप्लायकडे बोट. हे ओळखायला यंत्र लागत नाही, पेटी लागते. शंभर हर्ट्झ म्हणजे मंद्रातली पांढरी पाच, जराशी चढलेली. पन्नास हा त्याचाच खालचा. मी मध्यरात्री पेटी काढून ताडून बघितलं. आवाज पन्नासचा निघाला, आणि बायको जागी झाली ती वेगळीच.

या सुराबद्दल मात्र मला थोडा अभिमान आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही वाहिनी जोडली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकीच्या देशाशी एका तालात आलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारिता. सगळ्या देशाने मिळून जास्त वीज ओढली तर सूर किंचित उतरतो, कमी ओढली तर चढतो. मग दिल्लीत बसलेली माणसं तो पुन्हा लावतात. थोडक्यात, माझ्या डाव्या कानात जे वाजत होतं तो एकशेचाळीस कोटींहून जास्त लोकांचा सामुदायिक तंबोरा होता. राष्ट्रीय एकात्मतेचा इतका जवळून अनुभव फार थोड्यांना येत असेल. तरीपण तो बंद व्हावा असं मला वाटत होतं.

गाणं लॅपटॉपवरून लावलेलं. त्याचा चार्जर काढला तर सूर अर्धा झाला. चार्जर दोन पिनांचा. असल्या चार्जरमध्ये बारकीशी गळती असतेच, म्हणून लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात आणि आपण त्याला 'नवा आहे म्हणून' असं समजावतो. थ्री पिनचा चार्जर आणला, तरी काही फरक नाही. कारण तिसरी पिन भिंतीतल्या ज्या वायरला जाते, ती वायर पुढे कुठे जाते हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी वायरमनला बोलावलं.

वायरमनने खिशातून एक होल्डर काढला. त्याला शंभरचा बल्ब आणि दोन उघड्या वायरी. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख लागला तर अर्थिंग खणखणीत, अशी त्याची परीक्षा. आमचा बल्ब लागला नाही असं म्हणता येणार नाही. आतली तार लालसर झाली, विझत्या उदबत्तीच्या टोकाइतकी, आणि तशीच राहिली. वायरमनने ॲम्प्लिफायरकडे बघितलं, बल्बकडे बघितलं, मग खिडकीतून अंगणाकडे.

"साहेब, मशीन चांगली हाय. जमीन खराब हाय."

ज्या गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथे जमिनीला नाव ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. पण त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती सोन्यासारखी, पण तिच्यात पुरलेला अर्थिंगचा पाइप एप्रिल-मेमध्ये मातीला टेकतच नाही. चारी बाजूंनी भेग आणि मधे तो एकटा उभा. त्याने वीज जिरवायची तरी कुठे? म्हणून पाइपाभोवती मीठ आणि कोळशाचे थर देतात आणि वरून पाणी सोडायला नरसाळं ठेवतात. आमच्या पाइपाला नरसाळं होतं. त्यात वर्षानुवर्षं फक्त चिमण्यांनी काडी टाकली होती.

वायरमनने औषध लिहून दिल्यासारखं सांगितलं: खडे मीठ पाच किलो, लाकडी कोळसा एक पोतं, आणि उन्हाळाभर रोज संध्याकाळी एक बादली पाणी. मीठ आणि कोळसा आणणं सोपं होतं. नळाला पाण्याचा वार असलेल्या गावात, भर उन्हाळ्यात, सगळ्या आळीसमोर भिंतीलगतच्या पाइपाला बादलीभर पाणी घालणं हे धैर्याचं काम आहे. शेजारचे आजोबा दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यांनी विचारलं, "कशाचं झाड लावलंय?" मी म्हटलं, अर्थिंगचं. "बरं," ते म्हणाले, "फळ कधी धरतंय?" बायकोने तर तुळशीची बाजू घेतली. तुळस सुकायला लागलीय आणि तुम्ही लोखंडाला पाणी पाजताय, हे तिचं वाक्य पुढे नातेवाइकांतही गेलं.

पण फळ धरलं. आठवड्याने तो सूर इतका खाली गेला की गाण्याच्या मागे लपला. पूर्ण गेला नाही, कारण आता नवाच पेच. ॲम्प्लिफायर एका भिंतीच्या बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या. दोघांना आता अर्थिंग मिळालेलं आणि मधल्या केबलने दोघे जोडलेले. झालं वर्तुळ पूर्ण, त्यात वीज फिरायला मोकळी. अर्थिंग नसलं तरी हा गुणगुणतो, दोन वाटांनी मिळालं तरी गुणगुणतो. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर शेजारी शेजारी बसवलं तेव्हा कुठे गप्प झाला. लाईट गेली की मात्र इन्व्हर्टरवर तो जे बोलतो ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज गोल हेलकाव्यांची नसते, चौकोनी असते, आणि ते चारही कोपरे कानात टोचतात.

एवढ्या खटाटोपानंतर ऐकायला काय मिळालं, ते सांगितलंच पाहिजे. खोकला मिळाला. सवाई गंधर्व महोत्सवाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तिसऱ्या-चौथ्या रांगेत कोण खोकतंय, कोण त्याच्याकडे वळून बघतंय, तबलजी हातोडी कुठे ठेवतो, तानपुरेवाली कूस कधी बदलते, सगळं. मी आता काही खोकल्यांना नावानिशी ओळखेन, फक्त नावं माहीत नाहीत. दुसरा शोध 'गीतरामायणा'चा. ही गाणी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित झाली, ती मोनो. हेडफोनवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात ते 'गायक इथे, सारंगी तिथे' प्रकरण मोनोत नसतं. दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज, म्हणून तो नेमका मधोमध ऐकू येतो. माझ्या तीनशे ओहमच्या जर्मन हेडफोनात सुधीर फडके बरोबर कपाळाच्या मध्यावर, जिथे बुक्का लावतात तिथे, बसून गातात. एवढे पैसे घालून डावं-उजवं आणलं, आणि निम्मं मराठी भांडार बुक्क्याच्या जागी! मला मात्र ती जागा योग्य वाटते.

मधे एका सकाळी गाणं थांबवलं तरी आत कुणीतरी बोलत होतं. बारीक, पण स्पष्ट. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावावेत, हे एक गृहस्थ संथ आवाजात समजावून सांगत होते. मी हेडफोन काढला, घरात कुणी नव्हतं. चढवला, गृहस्थ पुढच्या मुद्द्यावर आलेले. आईला ऐकवलं तर तिने एका क्षणात ओळखलं, "अगं बाई, हे तर आपलं परभणी केंद्र." मध्यम लहर, १३०५ किलोहर्ट्झ. स्वस्तातली लांबलचक केबल एरियल झाली होती, आणि आतला कुठलासा ट्रान्झिस्टर त्या लहरींतून आवाज वेगळा काढत होता. जुन्या रेडिओत हेच काम डायोड करायचा. जाळीचं आवरण असलेली आखूड केबल लावली की हे बंद होतं. आईने ती लावू दिली नाही. तिला अनेक वर्षांनी इतका खणखणीत रेडिओ लागला होता. आठ दिवस सकाळचा एक तास हेडफोन तिच्याकडे होता, आणि आमच्याकडे कापूस नसतानाही घरात बोंडअळीविषयीचं ज्ञान अद्ययावत होतं.

हिवाळ्यात निराळंच. माझा ॲम्प्लिफायर क्लास ए जातीचा. गाणं चालू असो वा नसो, आतून पूर्ण करंट वाहतच असतो; सरकारी नोकरीसारखा, काम असलं नसलं तरी पगार चालू. ती सगळी वीज उष्णता होऊन वरच्या पत्र्यातून बाहेर पडते. परभणीची थंडी काय असते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि त्या दिवसांत दही म्हणून लागत नाही. एका सकाळी उठून बघतो तर यंत्राच्या डोक्यावर फडक्यात गुंडाळलेलं स्टीलचं भांडं. मी ओरडणार तेवढ्यात बायकोने ते उघडून दाखवलं. सुरीने कापावं असं दही. पत्र्याचा ऊबदारपणा विरजणाला बरोब्बर मानवला होता. तिने यंत्राकडे पहिल्यांदा प्रेमाने बघितलं आणि म्हणाली, "अडीच हजारात वाईट नाही हो." उन्हाळ्यात उलट: मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, आणि तो अर्ध्या तासात स्वतःला तापवून 'टक्' करून बंद पडतो. कूलर त्याच्याकडे वळवावा तर कूलरची मोटर कानात खरखरते. मे महिना आम्ही दोघे सुट्टी घेतो.

पण यंदा खरखर कूलरशिवायच यायला लागली. आवाज वाढवायची गोळी फिरवली की डाव्या कानात कागद चुरगळल्यासारखं वाजायचं, आणि आवाज अगदी कमी केला की उजवा कान आधी झोपायचा. कंपनीला पाठवायचा तर परदेश, म्हणून स्टेशन रोडला रेडिओवाल्या चाचांकडे नेला. चाचांची टपरी म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, राळेची डबी, आणि मागे मिक्सर, होम थिएटर, जीपचे हॉर्न असा आजारी मंडळींचा ढीग. त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आत बघितलं आणि माझ्याकडे दयेने बघितलं.

"साब, इसमें तो कुछ हैच नहीं."

मी म्हटलं, चाचा, कमी पार्ट असणं हाच याचा मोठेपणा. ते ऐकून त्यांनी मान हलवली. असली गिऱ्हाइकं त्यांना नवी नसावीत. मग गोळीच्या मागचा भाग नखाने वाजवला. "व्हॉल्यूम का कार्बन है, और कुछ नहीं." त्या डबीत कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून एक पितळी जीभ फिरते, मधे धूळ बसली की प्रत्येक कण कानात वाजतो. नवीन टाकू का म्हटल्यावर चाचा रागावलेच. "ओरिजनल है. उसकू मत छेड़ो." त्यांनी क्लीनरच्या डब्याला सलाइनसारखी बारीक नळी लावली, डबीच्या फटीत दोन फुसकारे मारले, आणि डोळे मिटून गोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लागले. ओठ हलत होते. मोजत होते की दुवा मागत होते कळलं नाही. मधेच थांबून गोळीला कान लावला, पुन्हा फिरवली.

मग टेस्टिंग. टोपीवरूनच त्यांनी हेडफोन चढवला, मी मोबाइलवर कव्वाली लावली. चाचांचा चेहरा हळूहळू बदलला. भुवया वर गेल्या. डावा हात हवेत उठून तिथेच ताल धरायला लागला. खरखर गेली का, मी खुणेने विचारलं.

"माशाल्ला!" चाचा ओरडले. हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "क्या आवाज है साब! कितने का लिया?"

मी इकडेतिकडे बघितलं. बोलायची सोय नव्हती. म्हणून मोबाइलवर आकडा टाइप करून त्यांच्यासमोर धरला.

"चौदा हज़ाऽऽर?"

समोर चहाच्या गाड्यावर पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी वळून बघितलं, आणि त्यांतल्या एकाच्या हातातली बशी खाली आली. माझा मेहुणा. "दाजी," तो रस्त्यापलीकडून म्हणाला, "ते अडीच हजाराचं आसंल. चौदाचं दुसरं घेतलं का काय?"

चाचांनी पन्नास रुपये घेतले. मी जिंतूर रोडने लांबून फेरा घालून घरी गेलो, म्हणजे आकड्याला पोचायला आणि थंड व्हायला वेळ मिळावा. पोचला होता. बायको वहीत काहीतरी आकडेमोड करत बसली होती. एका बाजूला दह्याच्या पाकिटाची किंमत, दुसऱ्या बाजूला चौदा हजार, खाली भागाकार. उत्तराखाली दोन रेघा मारून तिने वही मिटली.

"गाणी ऐका नाहीतर नका ऐकू," ती म्हणाली, "पण रात्री त्याला बंद करायचं नाही. आणि उद्यापासून भांडी दोन."